समोरचा हात रिकामा, तरी डाव आपण का हरतो?

प्रश्न मॅजिक: द गॅदरिंग या पानांच्या खेळातला आहे. यात लँड या पानांमधून माना, म्हणजे बाकीची पानं खेळायची ऊर्जा मिळते; समोरच्याचे २० लाइफ संपवले की डाव जिंकला. डिस्कार्ड म्हणजे समोरच्याला हातातली पानं टाकायला लावणं, आणि मॉडर्न म्हणजे कोणती पानं चालतात ते ठरवणारा एक फॉरमॅट. प्रश्न असा आहे: "मॅजिक: द गॅदरिंग दीड वर्ष खेळतोय. मॉडर्न फॉरमॅटसाठी काळ्या रंगाचा डिस्कार्ड डेक बांधलाय. ६० पानांत ३२ पानं डिस्कार्डची, २ द रॅक, ४ हिप्नॉटिक स्पेक्टर आणि २२ लँड. चौथ्या-पाचव्या टर्नपर्यंत समोरच्याच्या हातात काही उरत नाही. तरी दहातले सातेक डाव हरतो. डिस्कार्ड आणखी वाढवू का?"

नाही. कमी करा, आणि बरीच कमी करा.

मी हा डेक गेली बारा-तेरा वर्षं खेळतोय. तुम्ही लिहिलंय ती अवस्था मला चांगली ओळखीची आहे. समोरचा माणूस रिकाम्या हाताने बसलेला असतो, आपल्या हातात मात्र तीन पानं असतात, आणि ती तिन्ही डिस्कार्डची. त्याच्याकडे टाकायला काही नाही, म्हणून आपल्या पानांना काम नाही. तो गड्डीवरून एक पान उचलतो, लगेच खेळतो. आपण एक पान उचलतो, ते पुन्हा डिस्कार्डचं निघतं. ६० पैकी ३२ म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा आपण उचललेलं पान मेलेलं असणार. अशा वेळी खरं तर तोच पुढे असतो, कारण त्याचं प्रत्येक पान जिवंत आहे.

डिस्कार्ड म्हणजे मुळात अदलाबदल आहे. माझं एक पान गेलं, तुझं एक गेलं. यात कोणीच जिंकत नाही. फक्त दोघांचे हात हलके होतात. ही अदलाबदल आपल्या फायद्याची तेव्हाच होते, जेव्हा रिकामा हात आपल्याला चालतो आणि समोरच्याला महाग पडतो. त्यामुळे डेक बांधताना "त्याचा हात कसा रिकामा करू" याच्या आधी "हात रिकामा झाल्यावर त्याचं काय होईल" हे ठरवायचं. तुमच्या यादीत त्या दुसऱ्या प्रश्नाला दोनच पानांचं उत्तर आहे.

ते उत्तर म्हणजे द रॅक. हे पान १९९४ चं, एका मानाचं आर्टिफॅक्ट, म्हणजे टेबलावर राहणारी वस्तू. समोरच्याच्या प्रत्येक अपकीपला, म्हणजे त्याच्या टर्नच्या सुरुवातीला, त्याच्या हातातली पानं मोजायची, ती ३ मधून वजा करायची आणि उरेल तेवढं डॅमेज. हात रिकामा असेल तर ३, एक पान असेल तर २, दोन असतील तर १. याचं जोडीदार पान २०१२ साली आलं, श्रीकिंग अफ्लिक्शन. तेही एका मानाचंच. हातात एक किंवा शून्य पान असेल तर सरळ ३ लाइफ जातात, दोन पानं असतील तर काहीच नाही. दोन्हींचे चार-चार नग घातले की आठ होतात, म्हणूनच या डेकला एट-रॅक म्हणतात.

इथे अपकीप हा शब्द नीट लक्षात घ्या. अपकीप ड्रॉच्या आधी येतो. म्हणजे समोरच्याने मागच्या टर्नला हातातलं सगळं खेळून टाकलं असेल, तर नवीन पान उचलण्याआधीच त्याला फटका बसतो. त्याला पर्याय दोनच. पान खेळायचं आणि पूर्ण मार खायचा, किंवा पान हातात धरून टेबलावर मागे पडायचं. हा पेच हेच या डेकचं खरं हत्यार आहे.

आता हिशेब करू. एकटा रॅक २० लाइफ संपवायला सात अपकीप घेतो, तेवढ्या वेळात कोणीही सावरतो. दोन असतील तर टर्नला ६. मॉडर्नमध्ये बहुतेक जण स्वतःच्या लँडपायी सुरुवातीलाच दोन-तीन लाइफ घालवतात. तो १७ वर असेल तर तीन अपकीपमध्ये डाव संपला. म्हणून आठ हवेतच. डेकमध्ये दोनच रॅक असतील तर पहिल्या दहा पानांत निदान एक दिसण्याची शक्यता साधारण ३१ टक्के. आठ असतील तर ७९ टक्के. तुमचे हरलेले सात डाव मला या दोन आकड्यांमधल्या फरकात दिसतात.

स्पेक्टर काढा. तो १९९३ पासून आपला लाडका आहे, मलाही आवडतो. पण चारच क्रीचर, म्हणजे हल्ला करणारी पानं, ठेवल्याने समोरच्याची सगळी रिमूव्हल, म्हणजे क्रीचर मारणारी पानं, कामाला लागतात. एकही क्रीचर नसेल तर त्याच्या डेकमधली पाच-सहा पानं निरुपयोगी होतात. त्यातही एक गुंता आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

माझी यादी सांगतो. रॅक ४, अफ्लिक्शन ४. थॉटसीझ ४, इन्क्विझिशन ऑफ कोझिलेक ४, रेंच माइंड ४, रेव्हन्स क्राइम ३, फ्यूनरल चार्म २. लिलियाना ऑफ द व्हेल ४, स्मॉलपॉक्स ३, फेटल पुश ४. लँड २४: त्यात १५ स्वॉम्प, ४ म्युटाव्हॉल्ट, ३ कॅसल लॉक्थवेन, २ अरबोर्ग. यात डाव लांबल्यावर मरणारी पानं म्हणजे थॉटसीझ, इन्क्विझिशन आणि रेंच माइंड, एकूण १२. तुमच्याकडे ती ३२ आहेत. बाकीची डिस्कार्ड पानं शेवटपर्यंत काहीतरी करत राहतात, आणि ते कसं हे समजून घेण्यासारखं आहे.

रेव्हन्स क्राइम घ्या. एक माना, समोरचा एक पान टाकतो. अगदी साधं. पण त्याला रिट्रेस आहे, म्हणजे ते ग्रेव्हयार्डमध्ये, वापरून झालेल्या पानांच्या ढिगात, पडलेलं असताना हातातली एक लँड टाकून पुन्हा खेळता येतं. डाव लांबला की उचललेली सहावी-सातवी लँड कुठल्याही डेकला नकोशी असते. आपल्याला मात्र ती प्रत्येक लँड म्हणजे एक डिस्कार्ड. यासाठीच मी २२ नाही, २४ लँड ठेवतो. आणि यासाठीच चौथी लँड टेबलावर आली की पुढची खाली ठेवायची घाई करत नाही. चार लँडवर आपलं सगळं चालतं. लॉक्थवेनमधून पान उचलायलाही तीन माना आणि तो किल्ला स्वतः, एवढंच लागतं. पान उचलल्यावर हातात जितकी पानं तितके लाइफ जातात, पण आपला हात बहुधा मोकळाच असतो.

लिलियाना टेबलावर राहते आणि दर टर्नला तिची एक क्षमता वापरता येते; त्या आकड्याने तिची लॉयल्टी वाढते किंवा घटते, हल्ल्यानेही घटते, आणि शून्यावर आली की ती जाते. तिचा +१ दोघांनाही एकेक पान टाकायला लावतो. आपला हात रिकामा असेल तर आपण काहीच टाकत नाही. हातात रेव्हन्स क्राइम असेल तर तेच टाकायचं, कारण ते ग्रेव्हयार्डमध्येच जास्त उपयोगी. -२ ने समोरच्याला एक क्रीचर सॅक्रिफाइस करावा लागतो. एकच मोठा क्रीचर घेऊन बसलेल्या माणसासमोर याहून स्वस्त उपाय नाही.

स्मॉलपॉक्स दोन मानाचं. दोघांचं एक लाइफ, एक पान, एक क्रीचर आणि एक लँड जातं. आपल्याकडे क्रीचर नाही, म्हणून ती वजाबाकी एकतर्फी. आपण पहिले खेळत असू आणि दुसऱ्या टर्नला हे टाकलं, तर समोरच्याची तोवर एकच लँड खाली असते. तीही जाते आणि पहिल्या टर्नला आणलेला छोटा क्रीचरही जातो. मात्र आपल्या हातात तिसरी लँड नसेल तर मोह आवरा. आपणही एका लँडवर येतो हे विसरून मी सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी डाव स्वतःच्या हाताने घालवले.

आता खेळण्याबद्दल. यादी कोणाचीही उतरवता येते, पण या डेकचं कसब क्रमात आहे.

पहिल्या टर्नला थॉटसीझ की इन्क्विझिशन? दोन्हींत समोरचा हात उघडा करतो आणि आपण लँड सोडून एक पान निवडतो. इन्क्विझिशन फक्त तीन मानापर्यंतची पानं घेऊ शकतं. थॉटसीझ काहीही घेतं, पण आपले दोन लाइफ जातात. समोरचा काय खेळतोय ते माहीत नसेल तर मी आधी इन्क्विझिशन टाकतो. स्वस्त पानं लवकर टेबलावर येतात, म्हणून ती आधीच पकडायची. महाग पानं हातात अडकून राहतात, त्यांच्यासाठी थॉटसीझ नंतरही चालतं. समोर सात-सात मानाचे राक्षस आणणारा डेक आहे हे माहीत असेल तर क्रम उलटा.

रेंच माइंड नेहमी बघून झाल्यावर. त्यात दोन पानं समोरचा स्वतः निवडून टाकतो, आणि हातात आर्टिफॅक्ट असेल तर ते एकच टाकून सुटतो. सहा पानांच्या हातातून तो दोन टाकाऊ पानं सहज काढेल. चार पानांतून काढताना त्याला दुखतं. म्हणून आपण निवडतो ती डिस्कार्ड आधी आणि तो निवडतो ती नंतर.

एक हात उदाहरणाला घेऊ. समोरच्याने पहिली लँड खाली ठेवली आहे. मी इन्क्विझिशन टाकतो, तो सहा पानं उलगडतो: दोन लँड, लाइटनिंग बोल्ट, फेटल पुश, टार्मोगॉयफ, ब्लडब्रेड एल्फ. काय घ्याल? नवा खेळाडू बोल्ट घेतो, कारण ते नाव मोठं. बोल्टने मला तीन डॅमेज होईल किंवा लिलियानाला खरचटेल. +१ केल्यावर ती चार वर असते, म्हणजे एकट्या बोल्टने मरतही नाही. ब्लडब्रेड चार मानाची, इन्क्विझिशनच्या आवाक्यात नाही, आणि ती खाली यायच्या आत तिला हातातून काढायला माझ्याकडे अजून दोन टर्न आहेत. घ्यायचा तो टार्मोगॉयफ. तो क्रीचर पुढच्याच टर्नला खाली येणार, आणि एकदा टेबलावर आलेल्या पानाला डिस्कार्ड हात लावू शकत नाही. शिवाय त्याची ताकद सगळ्या ग्रेव्हयार्डमधल्या पानांच्या प्रकारांवर मोजतात. आपण जितकी पानं टाकायला लावू तितका तो फुगणार. आपल्याच डेकवर पोसलेला शत्रू सोडून चालत नाही.

राहिला फेटल पुश, हे क्रीचर मारणारं पान. आमच्याकडे त्याला मारायला म्युटाव्हॉल्टशिवाय काही नाही, म्हणजे ते मेलेलं पान. मघाशी म्हटलेला गुंता हाच. मेलेलं पानही हातात असतंच, आणि रॅक पानं मोजतो, त्यांची किंमत बघत नाही. हातात दोन निरुपयोगी रिमूव्हल धरून बसलेल्या माणसाला रॅक एकच डॅमेज देतो आणि अफ्लिक्शन काहीच करत नाही. आपण क्रीचर न ठेवून त्याची पानं मारली, आणि तीच त्याची ढाल झाली. यावर उपाय म्हणजे डोळे झाकून टाकायला लावणारी डिस्कार्ड: लिलियाना, रेव्हन्स क्राइम, रेंच माइंड. निवडून घ्यायच्या पानांनी धोका काढायचा, न निवडता टाकायला लावणाऱ्या पानांनी ढाल झिजवायची. या दोन कामांची सरमिसळ झाली की डाव हातून निसटतो.

म्हणून मी कायम एक छोटी वही जवळ ठेवतो. डाव चालू असताना स्वतःच्या नोंदी करायला नियमांची हरकत नाही. समोरचा हात उघडला की सगळी पानं लिहून काढायची, तो एकेक खेळत जाईल तसं खोडायचं. तीन टर्ननंतर त्याच्या हातात दोन पानं असतील आणि वहीत एकच न खोडलेलं नाव असेल, तर तुम्हाला न माहीत असलेलं पान एकच आहे.

फ्यूनरल चार्म हे पान अनेक जण काढून टाकतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. एका मानात एक पान टाकायला लावतं, यात नवल नाही. नवल हे की ते इन्स्टंट आहे. बाकी डिस्कार्ड आपल्या टर्नला खेळायची, तोवर समोरच्याने उचललेलं पान खेळूनही झालेलं असतं. चार्म त्याच्या टर्नला चालतं. त्याचा हात रिकामा आहे, अपकीपला रॅकने तीन गेले, आता तो गड्डीवरचं पान उचलतो. ते बोटांत आल्यावर, मेन फेज सुरू व्हायच्या आत, ड्रॉ स्टेपमध्येच चार्म टाकायचं. त्याच्या हातात तेवढं एकच पान, तेच जाणार. ते इन्स्टंट असेल तर उत्तरादाखल खेळेल, नाहीतर बघत बसेल. त्याची टर्न कोरी गेली. फक्त एक पथ्य पाळा. तो पान उचलायच्या आधीच स्पष्ट सांगा, "ड्रॉनंतर थांबा." नाहीतर पान टेबलावर टेकल्यावर वाद होतो. आणि गरज पडली तर हेच चार्म एका टफनेसचा, म्हणजे एका डॅमेजने मरणारा, क्रीचरही मारतं.

रॅक कधी खाली ठेवायचा हेही बरेच जण चुकतात. पहिल्या टर्नला सात पानांच्या हातासमोर रॅक ठेवून काही होत नाही. त्या मानात इन्क्विझिशन टाकलं असतं तर दोन टर्न सुटल्या असत्या. पुढच्या अपकीपला त्याच्या हातात दोन किंवा कमी पानं असतील असं दिसलं की रॅक आणा. दोन्ही पानं एका मानाची आहेत, चौथ्या टर्नला दोन-दोन एकदम उतरवता येतात.

कोणासमोर अवघड जातं? जे डेक ग्रेव्हयार्डमधून खेळतात त्यांच्यासमोर. आर्कलाइट फिनिक्स टाकायला लावणं म्हणजे त्यालाच मदत. अशांसाठी साइडबोर्डात, म्हणजे पहिल्या डावानंतर अदलाबदलीसाठी ठेवलेल्या पानांत, लेलाइन ऑफ द व्हॉइड ४. बर्न डेक, म्हणजे थेट डॅमेज देणारी पानं भराभर खेळणारा, स्वतःच हात रिकामा करतो, तिथे रॅक उत्तम चालतो, पण दुसऱ्या डावाला थॉटसीझ चारही काढा. दोन लाइफ तिथे परवडत नाहीत. त्या जागी कलेक्टिव्ह ब्रुटॅलिटी.

सगळ्यात जास्त घाबरवतं ते लेलाइन ऑफ सँक्टिटी. सुरुवातीच्या हातात असेल तर फुकट टेबलावर येतं आणि समोरच्याला हेक्सप्रूफ देतं, म्हणजे आपण त्याला टार्गेट करू शकत नाही. थॉटसीझ, इन्क्विझिशन, क्राइम, रेंच माइंड, चार्म सगळं बंद. मी बघितलंय, पोरं तिथेच डाव सोडून देतात. सोडू नका. लिलियानाचा +१ टार्गेट करत नाही, "प्रत्येक खेळाडू" म्हणतो. स्मॉलपॉक्सही तसंच. रॅक आणि अफ्लिक्शन कोणालाच टार्गेट करत नाहीत. एवढ्या सामानावर मी लेलाइनसमोर डाव जिंकलेत, वेळ जास्त लागतो इतकंच.

ऑब्स्टिनेट बेलॉथने मात्र मला धडा दिला. एका दुकानातली शुक्रवारची स्पर्धा, दुसरा डाव. माझी लिलियाना खाली, त्याच्या हातात दोन पानं, माझ्या हातात इन्क्विझिशन. आधी बघायचं सोडून मी थेट +१ केला. त्याने बेलॉथ टाकला. आपल्या पानामुळे तो टाकावा लागला की ग्रेव्हयार्डऐवजी थेट टेबलावर येतो: ४/४ क्रीचर आणि वर चार लाइफ. त्याच्या टर्नला त्याने हल्ला केला आणि चार लॉयल्टीची लिलियाना बरोबर चारातच गेली. इन्क्विझिशनने बेलॉथ निघाला नसता, तो चार मानाचा आहे. पण दिसला असता. मग मी त्याला तो चार माना मोजून आणू दिला असता आणि -२ ने सॅक्रिफाइस करायला लावला असता. तेव्हापासून हिरव्या रंगासमोर साइडबोर्डनंतर मी न बघता कधीच डिस्कार्ड करत नाही.

आजच्या मॉडर्नमध्ये एट-रॅक वरच्या फळीत नाही, हेही सांगायला हवं. एका पानात दोन-तीन पानांचं काम करणारी पानं आता खूप आहेत, एकास एक अदलाबदल त्यांच्यापुढे कमी पडते. डिस्कार्ड दुबळं झालेलं नाही. २०२१ च्या ग्रीफला, दुसरं एक काळं पान बाजूला काढून एकही माना न देता, समोरच्याच्या हातातलं पान उडवता यायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मॉडर्नमध्ये बंदी आली. कमांडर या दुसऱ्या फॉरमॅटसाठी मात्र ही यादी वापरू नका. तिथे ४० लाइफ आणि समोर तिघे जण असतात, एकास एक थॉटसीझ वाया जातं. तिथे सायफन माइंड, वेस्ट नॉट, टेरग्रिड असं सगळ्यांकडून एकदम वसूल करणारं सामान लागतं.

पैशांचं बोलायचं तर लिलियाना आणि थॉटसीझ एकदम घेऊ नका. आधी रॅक चार करा आणि अफ्लिक्शन चार घ्या. सगळ्यात जास्त फरक त्यांनीच पडेल. थॉटसीझच्या जागी ड्युरेस चालेल, फक्त ते क्रीचर घेत नाही हे लक्षात ठेवून फेटल पुश चारही ठेवा. लिलियानाच्या जागी डॅव्ह्रियल, रोग शॅडोमेज घ्या. तोही तीन मानाचा, हातात एक किंवा शून्य पान असेल तर अपकीपला दोन डॅमेज देतो, म्हणजे जवळजवळ नववा रॅकच. एवढे बदल करून वीस डाव खेळा. प्रत्येक डावानंतर वहीत लिहा: हरलात तेव्हा हातात काय उरलं होतं, आणि टेबलावर रॅक किती होते. ती वही घेऊन पुन्हा विचारा, मग साइडबोर्डच्या पंधरा पानांवर सविस्तर बोलू.